टॉवरशेजारचा गोठा

बायजावहिनींबद्दल मला फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक बांध आणि एक आंब्याचं झाड एवढंच अंतर होतं. तरी त्यांचं माहेर कुठलं हे मला त्या गेल्यावर, दिवसांना आलेल्या त्यांच्या भाच्याकडून कळलं. त्यांच्या घरात मी पडवीच्या आत कधी गेलो नाही. दूध सोसायटीच्या स्मरणिकेत त्यांच्यावर काहीतरी यावं असं ठरलं, आणि घर जवळचं म्हणून सोसायटीच्या गजाने ते काम माझ्यावर टाकलं. मी खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. लिहिण्याचा सराव नाही. दुसऱ्या कोणी हे बरं लिहिलं असतं, पण दुसऱ्या कोणाशी त्या फारशा बोलत नव्हत्या, ही अडचण आहे.

त्यांचा कोणावर विश्वास नव्हता. हे मी वाईट अर्थाने लिहीत नाही. सोसायटीत दूध घालायला आल्या की त्या फॅटच्या मशीनसमोरून हलत नसत. आकडा आला की आधी गजाकडे बघत, मग मशीनकडे.

"परत लाव."

"काकी, मशीन हाय ती. तिला तुझी ओळख नाय."

"तिला नाय, तुला हाय ना. परत लाव."

गजा परत लावायचा. आकडा तोच यायचा. जाताना त्या म्हणायच्या, "आज तोच आला म्हनून उद्या बी येईल असं नाय."

मी त्यांच्याकडून घरचं दूध घेत असे. एकदा सहज म्हणालो, वहिनी, आजचं दूध छान होतं. त्यांनी हातातलं माप खाली ठेवलं. "म्हंजे कालचं वाईट होतं?" त्यानंतर मी दुधाबद्दल काही बोललो नाही.

त्यांची भातशेती थोडी होती. गावाच्या टोकाला, कडावच्या रस्त्याकडे, वरकस जमिनीचा एक तुकडा होता. मुरमाड, उंचावर, नाचणीशिवाय काही न येणारा. त्यावर मोबाईलचा टॉवर आला तो त्यांचे यजमान मालोजीदादा होते तेव्हा. करार त्यांनी केला आणि पुढे दोन पावसाळ्यांत ते गेले. जागा वहिनींच्या नावावर झाली. टॉवरच्या पायथ्याशी तारेचं कुंपण आणि आत कपाटाएवढ्या लोखंडी पेट्या. एका पेटीत बॅटऱ्या. लाइट गेली की टॉवर त्या बॅटऱ्यांवर चालतो. कुंपणाला लागूनच वहिनींचा गोठा होता, कुडाच्या भिंतींचा, वर पेंढा. तीन म्हशी. त्या म्हणत, टॉवरची घरघर ऐकून म्हशींना झोप चांगली लागते. त्यांनी चांगलं म्हटलेली ही एकच गोष्ट मला आठवते.

मग ती आग लागली.

आमच्याकडे उन्हाळ्यात राब भाजतात. ज्या तुकड्यात भाताचं रोप टाकायचं, तिथे शेण, पालापाचोळा, कवळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, असं थरावर थर रचायचं, वर माती भुरभुरायची आणि ते जाळायचं. त्या दिवसांत सगळ्या पट्ट्यात धूर असतो. सकाळी बघाल तिकडे धूर, संध्याकाळी बघाल तिकडे धूर. कोणी मान वर करून बघत नाही.

त्या दिवशी वहिनी कर्जतला बाजाराला गेल्या होत्या. दुपारी टॉवरच्या बाजूने धूर निघाला. ज्यांनी पाहिला त्यांना वाटलं, बायजाकाकीने राब पेटवला. बॅटरीची पेटी पेटली होती. ज्वाळा गोठ्याच्या कुडाला लागेपर्यंत कोणी गेलं नाही. मग गेले. दोन म्हशींची दावी कापता आली. तिसरी, भुरी नावाची, आतल्या बाजूला बांधलेली होती.

मी त्या दिवशी खोपोलीला बहिणीकडे होतो. दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा जागेला एक विचित्र आंबट वास होता, राबाचा नव्हे. कंपनीची माणसं आली, जळलेली पेटी टेंपोत घालून घेऊन गेली. काही आठवड्यांनी त्यांच्याकडून सांगण्यात आलं की आजूबाजूला राब भाजत होते, त्याची ठिणगी आली असावी. गावाला ते पटलं. सोपं होतं पटायला. जळलेल्या गोठ्याच्या जागी कंपनीने पत्र्याचा गोठा बांधून दिला, तेव्हा कोणीतरी असंही म्हणालं की काकीला पत्र्याचा नवा गोठा हवा होता, तो झाला. हे बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं. गावात बोलणं पोचतंच.

त्यानंतर त्यांनी दोन्ही म्हशी घराच्या पडवीत आणून बांधल्या. कुंपणाच्या दाराला स्वतःचं कुलूप लावलं. करारात काय होतं मला ठाऊक नाही, पण कंपनीला नवी बॅटरी बसवू दिली नाही. टॉवर नुसत्या लाइटीवर चालू लागला. लाइट गेली की गावाचे फोन मेले.

तेव्हापासून त्या माझ्याशी थोडं जास्त बोलू लागल्या. का, ते त्यांनी एकदा सांगितलं. मी बांधाशी उभा होतो, त्या पडवीत शेण काढत होत्या.

"धूर सगळ्यांनी बघितला, भावजी. सगळ्यांना राबच वाटला. एकाला बी वाटू नये, जाऊन बघावं?"

मी म्हणालो, "दिवसच तसे होते, वहिनी."

"म्हनूनच. तुमी खोपोलीला होतात, म्हनून तुमच्याशी बोलते. इथं असतात तर तुमाला बी राबच वाटला असता."

वाटलाच असता.

पुढचा पावसाळा गावाला जड गेला. आमच्याकडे पावसात लाइट जाते ती दोन दोन दिवस येत नाही. कोणाला साप चावला, कोणाची सून अडली, तरी फोन लागत नव्हता. लोक रस्त्यावर जाऊन, कडावच्या दिशेने चालत, मोबाईलवर रेंजची एखादी काडी दिसते का बघायचे. गावातले चारपाच जण वहिनींच्या पडवीत जाऊन आले. त्यांचं एकच म्हणणं.

"तुमाला फोन पायजे. मला म्हशी पायजेत. तुमी तुमचा टॉवर तुमच्या गोठ्याशी न्या."

"काकी, माझ्या गोठ्याशी जागा असती तर नेला असता गं," गजा म्हणाला.

"तुझ्या गोठ्यात गाय बी नाय. मशीन हाय."

दिवाळीनंतर कंपनीने एक इंजिनियर पाठवली. सुप्रिया नाव. बारीक चणीची मुलगी, स्कूटरवरून आली, चिखलाचे बूट दाराबाहेर काढून पडवीत बसली. तिने सांगितलं की काही टॉवरना नव्या प्रकारची बॅटरी बसवून बघत आहेत, त्यात हाही टॉवर आहे. गजा तिच्याबरोबर होता. वहिनींनी मला बांधावरून हाक मारून बोलावलं. का बोलावलं ते सांगितलं नाही. मी एका कडेला बसलो.

सुप्रियाने जे समजावलं ते मला समजलं तेवढं लिहितो. टॉवरला आधी होती त्या बॅटरीत एक पातळ द्रव असतो, त्यातून वीज इकडून तिकडे जाते. बॅटरी फार तापली किंवा आत बिघडली की तो द्रव पेट घेतो, आणि मग ती आग विझवणं कठीण. नव्या बॅटरीत द्रव नाही. त्याच्या जागी चिनी मातीच्या पदार्थासारखा घट्ट थर आहे. तिला सॉलिड स्टेट म्हणतात. पेट घ्यायला आत पातळ असं काही नाही.

मग तिने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. बॅटरीच्या एका तुकड्यात खिळा ठोकत होते. जुन्या बॅटरीतून ज्वाळा निघाली. नवीतून काही नाही.

वहिनींनी तो शेवटपर्यंत बघितला. "खिळा तुमचा. बॅटरी तुमची. मोबाईल तुमचा. आमचं काय हाय त्यात?"

"बघायला डोळे तुझे हायत ना," गजा म्हणाला.

"ते बी तू बोलावलंस म्हनून उघडे हायत." मग माझ्याकडे वळून, "भावजी, तुमी कारखान्यात होतात. पोरगी खरं बोलते का?"

"मला बॅटरीतलं कळत नाही, वहिनी."

"मग खोटं बोलते?"

"तसंही वाटत नाही."

"मग तुमाला वाटतंय तरी काय?"

सुप्रिया हसली. वहिनी हसल्या नाहीत. त्या खरोखरच विचारत होत्या. मी आंब्याकडे बघितलं.

"ही जळनार नाय, असं तू म्हनतेस," वहिनी सुप्रियाला म्हणाल्या.

"नाही, आजी. असं मी म्हटलं नाही."

गजा सरळ बसला. "अहो मॅडम."

"बाहेरून मोठी आग लागली तर वायरी जळतील," सुप्रिया म्हणाली. "पेटीचा रंग जळेल. आतली बॅटरी कायमची खराब होईल. ती आतून पेटून भडकण्याची भीती खूप कमी आहे, एवढंच मी सांगू शकते. अजिबात नाही, असं नाही सांगू शकत."

"म्हणा ना जळत नाय म्हणून," गजा हळूच म्हणाला. "सगळं होत आलं होतं."

वहिनी मात्र तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघत होत्या. बराच वेळ. मला वाटतं, काहीतरी विकायला आलेल्या माणसाने मालातलं उणं सांगितलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. पण संशय गेला असं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. उलट तो वाढल्यासारखा वाटला. त्या प्रश्न विचारू लागल्या, आणि ते प्रश्न मला चमत्कारिक वाटले. पेटीला पंखा असतो का. तो वारा आत घेतो की बाहेर टाकतो. बाहेर टाकतो तो वारा गरम असतो का. किती गरम. हात भाजेल एवढा, की म्हशीच्या अंगाएवढा.

सुप्रिया सगळ्याची उत्तरं देत होती. मग वहिनी म्हणाल्या, "समजा, पेटीच्या पाठी कोनी काय लावून ठेवलं."

"काय लावून?"

"काय बी. समजा, कवळ."

सुप्रिया खालापूरकडची, हे तिने आल्याआल्याच सांगितलं होतं. कवळ म्हणजे काय ते तिला सांगावं लागलं नाही. "पंख्याच्या तोंडाशी?"

"समजा."

"मग गरम हवा बाहेर पडणार नाही. पेटी आतल्या आत तापत जाईल."

"ह्या नव्या पेटीचं नको सांगू. जुन्या पेटीचं सांग."

तेव्हा मला त्या वर्षीचा अवकाळी पाऊस आठवला. होळीच्या आगेमागे चांगला कोसळला होता. गावातल्या सगळ्यांचं तोडून ठेवलेलं कवळ भिजलं. ओलं कवळ राबात जळत नाही, नुसतं धुमसतं, आणि मग माती नीट भाजत नाही. जो तो कवळ वाळवायला कोरडी, उबेची जागा शोधत होता. कोणी पत्र्यावर टाकलं, कोणी चुलीमागे रचलं. आणि एका माणसाच्या जागेत दिवसरात्र गरम वारा फेकणारा पंखा होता.

सुप्रियाने हातातला मोबाईल खाली ठेवला. तिलाही कळलं असावं. गजा आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होता.

"भारे मी लावले होते," वहिनी म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, मशीन परत लाव म्हणायच्या तसाच. "कुंपनाच्या तारेला टेकून, पंख्याच्या तोंडावर. दोन दिसांत खडखडीत वाळलं. म्हनलं, राहू दे राब पेटवेपर्यंत. आता सांग. भुरी माझ्या हातनं गेली, का तुमच्या?"

"कवळामुळे पेटी तापली असेल," सुप्रिया म्हणाली. "चांगली बॅटरी असती तर तेवढ्याने बहुधा आपोआप बंद पडली असती. कदाचित आत आधीच काही बिघडलेलं होतं. कवळ नसतं तरी पुढे कधी पेटलीही असती. पेटी भंगारात गेली, आता तपासता येणार नाही. खरं सांगायचं तर, आजी, हे आता कोणीच सांगू शकणार नाही."

"कोनीच नाय?"

"नाही."

मला वाटलं होतं त्या रडतील. रडल्या नाहीत. पडवीतल्या म्हशीने मान हलवली, तिच्या अंगावरची माशी त्यांनी पदराने हाकलली. मग सुप्रियाला म्हणाल्या, "तू खालापुरात कोनाची?"

तिने वडिलांचं नाव सांगितलं. वहिनींनी आजोबांचं विचारलं. आजोळ विचारलं. मग उठल्या, आतून कुलपाची किल्ली आणली आणि तिच्या हातात न देता पदराला बांधली.

"तुमचा मानूस काम करील तेवा मी तिथं असनार. दार मी उघडनार, मी लावनार."

"चालेल," सुप्रिया म्हणाली. "आणि पेटीमागे हातभर जागा मोकळी लागेल. ह्या बॅटरीला जुन्यापेक्षा उष्णता जास्त सोसते, पण मोकळी लागेल."

परतताना बांधावर गजाने मला गाठलं. त्याला कसंतरीच वाटत होतं. पत्र्याच्या गोठ्याचा विनोद पहिल्यांदा त्याने केला होता की दुसऱ्या कोणी, ते मला माहीत नाही. तो एवढंच म्हणाला, "काका, तिनं हे सांगितलं कशाला? कोनी विचारलंबी नव्हतं."

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, आग लागल्यापासून त्या आम्हा सगळ्यांकडे संशयाने बघत होत्या त्यात निम्मा संशय स्वतःवरचा होता, आणि तो एकट्याने वागवणं त्यांना झेपेना. पण हे माझं वाटणं. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. मी वर लिहिलंच आहे की मला त्यांच्याबद्दल फार थोडं माहीत आहे. ही गोष्ट स्मरणिकेत लिहावी का, असंही मी गजाला विचारलं. तो म्हणाला, काकीने ती नंतर सोसायटीत आठदहा जणांसमोर स्वतःच सांगितली होती, आणि वर विचारलं होतं, "आता कोन कोन हसनार हाय ते आजच हसून घ्या." कोणी हसलं नव्हतं.

नवी पेटी बसली तेव्हा त्या सकाळपासून कुंपणाजवळ दगडावर बसून होत्या. कामगाराने जेवणाचा डबा उघडला तर डबाही वाकून बघितला. पेटीमागे कोणी काही रचू नये म्हणून कंपनीने हातभर अंतरावर लोखंडी जाळी उभी केली. तिच्यावरून त्यांचं सुप्रियाशी भांडण झालं.

"माझी हातभर जागा खाल्लीत."

"आजी, मोकळीच आहे ती. तुमचीच आहे."

"माझी असती तर कवळ ठेवता आलं असतं."

त्या उन्हाळ्यात त्यांनी राब खालच्या शेतात, टॉवरपासून लांब भाजला. भारे डोक्यावरून वाहून नेले, मदत कोणाची घेतली नाही. लाइट जात होती आणि फोन चालत होते. गावाला त्याची सवय झाली, कौतुक राहिलं नाही. म्हशी मात्र पडवीतच. पत्र्याचा गोठा टॉवरशेजारी रिकामा उभा होता. रोज धार काढून झाली की त्या तिकडे जात, जाळीतून हात घालून पेटीवर तळवा टेकवून उभ्या राहत. म्हैस आजारी असली की तिच्या कानाला हात लावून बघतात, तसं. मी एकदा विचारलं, काय कळतं त्याने.

"गार हाय एवढं कळतं."

"मग बरंच आहे की."

"ती पन गारच असायची. पेटली त्याच दिवशी कोनी हात लावला नाय."

पुढची दिवाळी झाल्यावर त्यांनी एक म्हैस गोठ्यात नेली. दुभती नव्हे, भाकड. गजाला हे कळल्यावर तो गप्प बसणार नव्हताच.

"काकी, म्हातारीला पुढं केलंस होय?"

"मग तुला बांधू?"

भाकड म्हैस तिथे सगळी थंडी राहिली, उन्हाळाही राहिली. राबाच्या दिवसांत वहिनी स्वतः गोठ्याच्या दारात गोणपाट टाकून दुपारभर बसत. सुप्रिया अधूनमधून तपासायला येई. तिला चहा मिळू लागला, पण कपाबरोबर एखादा प्रश्नही असे. पाऊस सुरू व्हायच्या आधी एक दिवस त्यांनी दुसरी म्हैस सोडली आणि तीही नेली. कोणाला काही सांगितलं नाही. सकाळी पडवी धुतलेली दिसली, एवढंच. म्हैस गाभण होती. श्रावणाच्या तोंडावर त्या गोठ्यातच ती व्याली. पारडी झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनी गेल्या. सकाळी छातीत दुखलं. गजाने फोन केला, कडावहून गाडी आली, कर्जतला पोचेपर्यंत संपलं होतं. मी त्या दिवशी गावातच होतो. पण त्यांना नेलं तेव्हा मी बांधाच्या अलीकडे होतो आणि त्यांनी डोळे उघडले नव्हते, म्हणून ती भेट मी धरत नाही.

आमचं शेवटचं बोलणं आदल्या दिवशीचं. रिमझिम होती. मी भांडं घेऊन थेट टॉवरशेजारच्या गोठ्याशी गेलो, कारण धार आता तिथेच काढत होत्या. पारडी आईच्या पोटाखाली घुसत होती आणि वहिनी तिला कोपराने बाजूला सारत होत्या. त्यांनी भांड्यात दूध ओतलं, नेहमीपेक्षा जरा कमी.

"हिला लागतं आता," त्या म्हणाल्या. "कमी वाटलं तर आत्ताच बोला. घरी जाऊन नको."

"नाही वाटत, वहिनी."

"बघितल्याबिगर कसं म्हनता?"

मी भांड्यात बघितलं. "पुरेल."

"बरं. झाकन नीट लावा, पानी पडंल."